अठ्ठेचाळीस टक्के

"श्वास सोड. सगळा सोड. आता थांब."

धाकट्या जावेने श्वास थांबवला. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, काढणाऱ्या बाईंनी प्रोब तिच्या डाव्या छातीखाली आणखी थोडा दाबला, बरगड्यांमधली फट शोधली आणि पडद्यावर हृदयाचे चारही कप्पे नीट दिसेपर्यंत मनगट तसेच धरून ठेवले. ऑपरेशन त्याच बाजूला झाले होते. व्रणाखालची कातडी ताठर झाली होती, चित्र सहजासहजी मिळत नव्हते.

"घे श्वास."

"तुमचं हे जेल इतकं गार का असतं हो? सव्वीस वर्षं झाली नोकरीला, एक गरम करायचं यंत्र नाही मागवता आलं?"

"अर्ज दिलाय."

"कधी?"

"सोळा वर्षं झाली."

जाऊ हसली, तसे पडद्यावरचे हृदय एका बाजूला सरकले.

"हसू नकोस. चित्र हलतं."

एरवी बाईही हसल्या असत्या. पण त्यांना दिसले होते. आकडा यंत्र नंतर सांगते, डोळ्याला ते आधी कळते. डाव्या कप्प्याची भिंत आत येत होती, पण आल्यासारखे करून परत जात होती. हजेरीपटावर सही करून चहाला निघून जाणाऱ्या माणसासारखी. दोन महिन्यांपूर्वी हीच भिंत कशी झटकन आत यायची, ते बाईंना पाठ होते.

त्यांनी चित्र गोठवले. माऊसने आतल्या कडेवरून रेघ काढायला घेतली. एक रेघ कप्पा रक्ताने पूर्ण भरलेला असताना, दुसरी तो आवळलेला असताना. भरलेल्या रक्तातले किती टक्के बाहेर फेकले गेले, ते मग यंत्र सांगते. औषध सुरू होण्याआधी जावेचे चौसष्ट होते. दोन सलाईनांनंतर साठ. आज चौथ्यानंतरची तपासणी.

एकोणपन्नास.

बाईंनी रेघ पुसली, पुन्हा काढली. अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा काढली. अठ्ठेचाळीस.

"किती?" जावेने विचारले. आधीच्या दोन्ही वेळा बाईंनी आकडा लगेच सांगितला होता.

"डॉक्टर सांगतील."

जाऊ छतावरच्या पाण्याच्या डागाकडे बघत पडून राहिली.

या दोघी अकरा वर्षे एका घरात राहिल्या होत्या. बाई थोरली, ही धाकटी. एकीने भाजी चिरायची, दुसरीने फोडणीला टाकायची, अशी वाटणी न बोलता ठरलेली होती. मग घरे वेगळी झाली, तीही न भांडता. भांडण आले ते सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात. धाकटी तयार कपड्यांच्या दुकानात कपडे कमी-जास्त करून द्यायचे काम करी. तिने ते सोडले आणि आठ महिने सासूबाईंना उचलले, पुसले, भरवले. बाईंनी रजा काढली नाही. विभागात त्या एकट्याच होत्या, रजा मिळाली नसती, हे खरे होते. पण त्यांनी मागितलीही नव्हती, हेही खरे होते. सासूबाई गेल्या त्या दिवशी भरल्या घरात धाकटी म्हणाली, "ताईंना जगाची हृदयं बघायची असतात. घरातल्या माणसाचं तोंड बघायला वेळ कुठून मिळणार?"

त्यानंतर सहा वर्षे दोघींचे बोलणे नवऱ्यांच्या तोंडून चालले. "तिला सांगा", "त्यांना विचारा".

मग एका सकाळी एकोच्या खोलीचे दार उघडले आणि हातात चिठ्ठी घेऊन धाकटी उभी राहिली. छातीतली गाठ काढून झाली होती. आता एका लाल औषधाची सहा सलाईनं द्यायची होती, आणि त्या औषधाआधी प्रत्येकाच्या हृदयाची तपासणी करावीच लागते.

"नंबर लावलाय मी," ती म्हणाली होती. "ओळखीनं नाही आले."

बाईंनी तिला आत घेतले. तपासणी झाल्यावर टिपकागदाने जेल पुसून दिले. खरे तर ते ज्याचे त्यानेच पुसायचे असते. एवढ्यावर सहा वर्षे मिटली.

दीर बाहेर बाकावर बसला होता. त्याचे गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवायचे गॅरेज होते. "वहिनी, छातीच्या गाठीचं औषध. त्याचा हृदयाशी काय संबंध?" असे त्याने विचारले, तेव्हा बाईंनी हृदयविभागाच्या मोठ्या साहेबांकडून ऐकून ऐकून पक्के झालेले सगळे सांगितले होते. हे औषध गाठीच्या पेशी मारते, पण जाता जाता हृदयाच्या पेशींतही शिरते. पेशीत बारीक बारीक शक्तिघरे असतात. हृदय जन्मभर थांबत नाही, म्हणून त्याच्या पेशी त्यांनीच ठासून भरलेल्या. औषध नेमके तिथे जाऊन बसते आणि तिथल्या प्राणवायूला बिघडवते. तो पिसाळल्यासारखा जे समोर येईल त्याला डसत सुटतो. पेशीतले लोह त्यात आणखी भर घालते. असला प्राणवायू शांत करणारी रसायने यकृताकडे भरपूर असतात, हृदयाकडे अगदी थोडी. नुकसान व्हायच्या वाटा आणखीही आहेत, पण ही मोठी. आणि हृदयाची गेलेली पेशी सहसा परत येत नाही.

"म्हणजे गंजच की," दीर म्हणाला. "मग आधी प्रायमर नाही का मारता येत?"

"सगळं जग गॅरेज वाटतं यांना," जाऊ म्हणाली. तिघेही हसले होते. पण पुढच्याच आठवड्यात दीर कुठून तरी गोळ्यांची डबी घेऊन आला. डबीवर हृदयाचे चित्र आणि खाली 'पेशींचे रक्षण'. कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि टेबलाच्या खणात टाकली. "कागदावर हे शोभून दिसतं. माणसांवर करून बघितलं तर फायदा दिसत नाही, आणि कधी कधी गाठीचंच रक्षण होईल अशी भीती. आम्ही मोजत राहू. मोजणं हाच तुमचा प्रायमर."

मोजणे म्हणजे बाई.

आता बाईंनी टिपकागद जावेच्या हातात दिला आणि यंत्राकडे वळल्या. जाऊ उठून बसली. ब्लाऊज अंगावर ओढून घेत तिने पडद्याकडे पाहिले. पिवळी रेघ अजून तिथेच होती.

"ती रेघ तुम्ही हातानं काढता ना?"

"हो."

"मी बघत होते. तीनदा काढलीत." ती बटणे लावू लागली. "पन्नासच्या खाली गेलं की औषध बंद करतात. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय मला. गेलंय का खाली?"

बाईंनी पुन्हा माऊसवर हात ठेवला.

"ताई, दोनच राहिलीत. केस गेले, चव गेली, नखं काळी पडली. चार काढलीत मी. दोन राहिलीत फक्त." तिचा आवाज चढला नाही. दुकानात गिऱ्हाइकाला समजावून सांगावे तसे ती बोलत होती. "मी आयुष्यभर रेघाच मारल्या. अर्धं बोट आत धरलं तर कपडा घट्ट, अर्धं बोट बाहेर सोडलं तर सैल. कापड तेच असतं, बाईही तीच असते. शिवणात माया ठेवतो की नाही आपण? थोडी माया सोडा ना."

बाईंचा हात माऊसवरच होता. जाऊ म्हणत होती त्यात खोटे काही नव्हते. हृदयाची आतली कड काही सुतासारखी सरळ नसते. तिथे मांसाचे बारीक पदर असतात. रेघ पदरांच्या आतून न्यावी की बाहेरून, हा शेवटी हाताचा प्रश्न. भरलेल्या कप्प्याची रेघ बाहेरून नेली तर त्रेपन्न-चौपन्न सहज आले असते. साहेब चित्रे पाहून सही करत, पण या हाताने काढलेल्या रेघेवर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. आणि चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात, हे तर पुस्तकातच आहे.

"हृदयाचं काय होईल? जरा दम लागेल," जाऊ म्हणाली. "गोळ्या घेईन. पण गाठ परत आली तर? पोरगी आत्ता कुठे तेराची होतेय. मला दम लागलेली आई व्हायचं चालेल."

बाई उठल्या. दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन स्टुलावर बसल्या.

"एक सांगते तुला. घरी कुणाला माहीत नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी एक गाण्याचे मास्तर यायचे. शाळेत शिकवायचे. गळ्यात गाठी होत्या, हेच औषध चालू होतं. प्रोब लावला की गुणगुणायचे. मी म्हणायची, मास्तर, चित्र हलतं. शेवटचं एक सलाईन राहिलं होतं आणि आकडा आला एकोणपन्नास. परत दोनदा काढला, दोन्ही वेळा सत्तेचाळीस. ते म्हणाले, बाई, आता एकासाठी अडवू नका. माणूस इतका गोड. मी चौथ्यांदा रेघ काढली. बाहेरून. त्रेपन्न आलं. त्रेपन्न लिहिलं."

जाऊ ऐकत होती. एका बटणावर तिची बोटे थांबली होती.

"सात महिन्यांनी त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. आडवं झोपता येत नव्हतं, छातीत पाणी. बसवूनच एको केला. बावीस टक्के. मला म्हणाले, बाई, तुमच्यामुळे… कोर्स… पूर्ण झाला. एकेका शब्दाला थांबून म्हणाले. गाठी सगळ्या गेल्या होत्या, तो रिपोर्ट अगदी स्वच्छ होता. पुढच्या महिन्यात मास्तर गेले."

"त्या एका सलाईनमुळेच गेले, हे कशावरून?"

"कशावरूनच नाही. तेच तर आहे. आधीच्या पाचांनीच केलं असेल. यंत्राचा फरकही असेल. मला कुणी काही विचारलं नाही, कुणाला कळलं नाही. मला तरी नक्की काय कळलंय?"

बाहेर कोणीतरी दार ढकलून पाहिले आणि निघून गेले.

"म्हणजे परक्या माणसाला माया," जाऊ हळूच म्हणाली, "आणि मला कात्री."

"असं नाही गं."

"असंच. सासूबाईंच्या वेळीही असंच. तुमचा नियम मोडत नाही, आणि मोडलाच तर आमच्यासाठी मोडत नाही." ती पलंगावरून उतरली. ब्लाऊजचे एक बटण चुकीच्या काजात गेले होते, ते तसेच ठेवून तिने पदर घेतला, कडी काढली आणि गेली.

बाईंनी रिपोर्टात अठ्ठेचाळीस लिहिले. खाली तिन्ही रेघांची चित्रे जोडली. मग बाहेर पुढचे नाव पुकारले.

त्या संध्याकाळी दीर घरी आला. नखांत रंग तसाच होता. बसला नाही, दारातच उभा राहिला. बाईंच्या यजमानांनी खुर्ची सरकवली, ती त्याने पाहिली नाही.

"वहिनी, दोन टक्क्यांनी तर हुकलं. दोन."

"सोळांनी, भाऊजी. चौसष्ट होतं."

"मी पत्रा ठोकणारा माणूस. मला काय कळतंय?" तो म्हणाला. "पण ती दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. मी काय सांगू तिला?"

तो जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

लाल औषध बंद झाले. डॉक्टरीणबाईंनी दुसरे दिले आणि हृदयासाठी दोन प्रकारच्या गोळ्या सुरू केल्या. जाऊ पुढच्या तपासणीला आली नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात जाऊ लागली, तिथे एक तरुण टेक्निशियन होता. तिचे रिपोर्ट मात्र या इस्पितळाच्या फाइलला लागत. बाई जेवणाच्या सुट्टीत फाइल काढून बघत. पन्नास. मग त्रेपन्न. मग पंचावन्न. त्या मुलाची रेघ त्या भिंग लावल्यासारखी न्याहाळत. स्वच्छ हात होता पोराचा, उगाच आत-बाहेर जात नव्हता. फाइल जागेवर ठेवून त्या डबा उघडत. घरी कोणाला सांगत नसत. सांगून करायचे काय? जिचे हृदय होते तिला ते माहीतच होते.

चौदा महिने असे गेले. मग दिराचा फोन आला. गाठ परत आली होती, पाठीच्या मणक्यात.

बाई डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर तासभर उभ्या राहिल्या. शेवटचा पेशंट गेल्यावर आत गेल्या.

"ती दोन सलाईनं दिली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या वयाने बाईंच्या मुलीएवढ्या असतील.

"माहीत नाही. दिली असती तरी कदाचित आली असती. कदाचित नसतीही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी पुन्हा तेच करीन. पण बाई, तुम्हाला हवंय ते उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसतं."

बाई परत खोलीत आल्या. पुढचे पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक पेशंटची रेघ पाच-पाच वेळा काढली. बाहेर रांग वाढायची, लोक कुरकुरायचे. एकदा साहेब येऊन म्हणाले, "काय बाई, नक्षीकाम चाललंय का?" घरी जेवताना ताटातली भाकरी त्या नुसती मोडत बसायच्या. यजमान म्हणायचे, "अगं, तू फक्त मोजलंस." त्या म्हणायच्या, "अहो, तेच तर केलं."

सोळाव्या दिवशी सकाळी पहिलाच नंबर जावेचा होता.

ती बारीक झाली होती. केस परत आले होते, पण पांढरे आणि कुरळे. कमरेला पट्टा होता. चिठ्ठी पुढे करत ती म्हणाली, "नवं औषध द्यायचंय. त्यालाही हृदय बघून घ्यायचं म्हणतात."

"तिकडे नाही गेलीस?"

"तो पोरगा चांगला आहे. पण ताई, त्याचे हात तुमच्या जेलपेक्षा गार आहेत."

बाईंनी पट्टा सोडायला मदत केली. मणक्याला त्रास होऊ नये म्हणून पाठीशी दोन उशा लावल्या. प्रोब ठेवला आणि काम करत राहिल्या. जावेने या वेळी पडद्याकडे पाहिले नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"छप्पन," बाई स्वतःहून म्हणाल्या.

"म्हणजे औषध देता येईल?"

"येईल. कमी असतं तर याचाही विचार करावा लागला असता." हे बोलल्याबरोबर त्यांना आपण सफाई दिल्यासारखे वाटले. त्या जेल पुसायला वाकल्या. "त्यानं सगळं भरून निघतं असं नाही म्हणत मी."

"भरून निघत नाहीच," जाऊ म्हणाली. पट्टा कमरेला लावत तिने विचारले, "त्या मास्तरांचं नंतर कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मी ह्यांनाही नाही सांगितलं. भांडण झालं त्या दिवशी तोंडाशी आलं होतं. वाटलं, जाऊन तुमच्या साहेबांना सांगावं. तुमची नोकरी गेली असती." ती पट्ट्याचा बंद शोधत होती. "नाही सांगितलं. राग धरायला मला तुम्ही पुरेशा होतात. त्यात मेलेल्या माणसाला कशाला ओढायचं?"

बाईंनी बंद तिच्या हातात दिला.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जायचे होते. त्या चौथ्या मजल्यावर बसत. लिफ्टच्या दाराला दोरी बांधून 'बंद' अशी पाटी लटकवली होती.

"तू बस इथे, मी देऊन येते," बाई म्हणाल्या.

"बसून काय करू? मलाही बोलायचंय त्यांच्याशी."

दोघी जिन्याला लागल्या. जाऊ कठड्याला धरून, पाठ ताठ ठेवून, एकेक पायरी मोजल्यासारखी चढत होती. बाई मागे होत्या. ती अडखळली तर धरावे म्हणून त्यांनी एक हात पुढे तयार ठेवला होता. पहिल्या मजल्यावर त्यांना स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागला. दुसऱ्यावर गुडघा बोलू लागला. तिसऱ्याच्या वळणावर त्या थांबल्या, रिपोर्टाची फाइल छातीशी धरून भिंतीला टेकल्या.

जाऊ वर पोचली होती. तिने वळून पाहिले. तिच्या कपाळावर पाठीच्या वेदनेची आठी होती, पण तोंड मिटलेले होते आणि श्वास शांत चालला होता. खाली उतरून येणे तिला जमणारे नव्हते. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"सावकाश या, ताई," ती म्हणाली. "थांबलेय मी."